तुटक्या बोटाचा मार्का

मी, आद्वोआ फ्रिम्पोमा, सोमवारी जन्मलेली, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा गारी, म्हणजे कसावाच्या कंदाचा किसून-आंबवून केलेला रवा, भाजणे, नंतरचा धंदा गारीची यंत्रे बनवणे, राहणार सुआमे, कुमासी, आज मक्याची आंबील पिऊन, चष्मा लावून, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा थोरला भाऊ न्सिया याला तो मान्य नाही. परंतु माझ्या डोक्याविषयी त्याचे मत १९९३ सालापासून तेच आहे, आणि त्याचा हिशोब कलम तीनमध्ये चुकता केला आहे.

१. यापूर्वी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात केले होते, दुसरे मलेरियात.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई दुफिये यांनी करावी. गेली वीस वर्षे त्या मला सांगत आल्या आहेत की, "मावशी, असं कागदावर लिहायचं नसतं," आणि मी लिहीत आले आहे. हा कागदही त्यांनी तीनदा दुरुस्त केला आणि मी तीनदा पूर्ववत केला. त्यांना माझे शिवणयंत्र द्यावे. त्यांच्या कोर्टाच्या झग्याची बाही दोन वर्षांपासून उसवलेली आहे.

३. माझी जुनी हातोडी मी माझा भाऊ न्सिया यास देते.

याचे कारण लिहिणे भाग आहे. पूर्वी कसावा किसायच्या यंत्रात लाकडी ढोलावर भोके पाडलेला पत्रा ठोकलेला असे. अर्ध्या तासात कंदाच्या शिरा त्या दातांत अडकत आणि ढोल नुसता गुळगुळीत फिरे. मग कोणीतरी हात घालून शिरा उपसायच्या. यंत्र थांबवून उपसायच्या असतात हे सर्वांना ठाऊक होते आणि घाईत कोणीच थांबवत नसे. आमच्या आळीत गारी भाजणाऱ्या अकरा जणी होतो. दहाही बोटे शाबूत असलेल्या चार. १९९३ च्या सुरुवातीला माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक गेले.

पट्टी बांधलेली असताना पत्रा बदलायची वेळ आली. डाव्या हाताने ठोकला, तो तिरका बसला. भोकांच्या ओळी सरळ राहायच्या सोडून ढोलाभोवती वेलीसारख्या वळत गेल्या. न्सिया ओट्यावर बसून भाजलेले केळे खात होता. तो म्हणाला, "तिरका बसलाय. डोकं आहे का तुला? काढ तो." मी म्हटले, उद्या काढते, आज पाच पोती किसायची आहेत.

पाचही पोती किसून झाली आणि मला एकदाही हात घालावा लागला नाही. तिरक्या ओळींमुळे शिरा आपोआप एका कडेला सरकत आणि खाली पडत. तो पत्रा मी उद्याही काढला नाही, परवाही नाही.

गेली काही वर्षे न्सिया लोकांना सांगतो की तो पत्रा त्यानेच ठोकला. दादा, या हातोडीला तुझा हात आजवर लागलेला नाही. आता लागू दे.

४. माझ्या नावावर पेटंट एकही नाही. मुलांनी कपाटे उचकू नयेत.

तिरक्या किसणीचे पहिले नीट यंत्र बनवून मी त्याच वर्षी कुमासीच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले. चार दिवस झाकण उघडून ज्याला त्याला दाखवले. एका आजोबांना तर ओळींचे माप दोरीने मोजू दिले, कारण त्यांनी मला शहाणी म्हटले. तीन वर्षांनी कोणीतरी सुचवले म्हणून ती कल्पना आपल्या नावावर करायला मी राजधानीला, अक्राला गेले. नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून सभ्य होता. त्याने विचारले, "मावशी, हे यंत्र आधी कुणी पाहिलंय का?"

"अख्ख्या कुमासीनं पाहिलंय," मी अभिमानाने सांगितले.

"मग झालं की. जे सगळ्यांनी पाहिलं ते नवं कसं?"

त्याने मला शेंगदाणे दिले आणि समजावले. सौदा असा असतो: आपण सरकारला सगळे काही खरे सांगायचे, बदल्यात सरकार वीस वर्षे दुसऱ्याला ते करू देत नाही, नंतर ते सगळ्यांचे. मी सरकारच्या आधी बाजाराला सांगून बसले होते. त्याने माझे शुल्कही घेतले नाही. परतीच्या बसमध्ये मी त्याला शिव्या दिल्या, त्या येथे परत घेते.

या मधल्या तीन वर्षांत समोरच्या वर्कशॉपचा याव अम्प्रात्वुम माझ्यासारखीच तिरकी किसणी विकू लागला होता. कोणी विचारले की सांगे, मेलेली आजी स्वप्नात आली आणि तिने बोटाने ओळी काढून दाखवल्या. मी त्याच्या आजीला ओळखत होते. ती मासे विकायची आणि तिला साधी चूल पेटवता येत नसे.

५. मार्का. ही माझी सर्वांत मोठी मिळकत आहे, म्हणून ती कशी झाली ते आधी लिहिते आणि कोणाला द्यायची ते पुढे.

यंत्र माझे राहिले नाही, तेव्हा दुफियेबाईंनी सांगितले की कल्पना गेली तरी नाव राखता येते. मी माझा उजवा हात पत्र्यावर ठेवून खडूने काढला, मधले बोट आखूड, आणि तेच चित्र नोंदवले. बायका येऊन म्हणत, "तुटक्या बोटाचं यंत्र द्या." या मार्क्याची मुदत दर दहा वर्षांनी वाढवायची असते. तारीख भिंतीवर लिहिली आहे. भिंत रंगवू नये.

२००१ साली अम्प्रात्वुमने आपल्या यंत्रांवर हात रंगवला. पाचही बोटे पूर्ण. मी दावा लावला. त्याचा वकील म्हणाला, आमच्या हाताला पाच बोटे आहेत, बाईंच्या हाताला साडेचार, गोंधळ होईलच कसा? न्यायाधीशांनी मला हात वर करायला सांगितले, अम्प्रात्वुमलाही सांगितले, आणि गारी भाजणारी एस्थर तविया साक्षीला उभी होती तिला विचारले की बाजारात तुला फरक कळेल का.

"साहेब," तविया म्हणाली, "बाजारात मी पैसे मोजते, बोटं मोजत नाही."

दावा मी जिंकले. अम्प्रात्वुमने हात पुसून मासा रंगवला. मासा चांगला होता, हे मी तेव्हा बोलले नव्हते.

६. धंद्याचे गुपित. हे मी सर्वांना देते.

माझ्या किसणीचे दात दुसऱ्यांच्या दुप्पट टिकतात हे सर्वांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकांची यंत्रे मी दर तीन महिन्यांनी फुकट तपासते, ढोल पडद्याआड नेते, दहा मिनिटांनी आणते, आणि दात पुन्हा धारदार झालेले असतात. पडद्याआड काय करते असे सुआमेभर विचारून झाले. एकदा मी वैतागून सांगितले की पत्रा तापवून बोकडाच्या मुतात बुडवते. अम्प्रात्वुमने दोन वर्षे बोकड पाळले. त्या दोन वर्षांत वारा पूर्वेकडून आला की माझी गिऱ्हाइके लवकर घरी जात.

खरे असे आहे. किसताना दात एकाच बाजूने झिजतो. मी ढोल काढून उलटा बसवते, डावे टोक उजवीकडे, म्हणजे दाताची न वापरलेली बाजू पुढे येते. बस. दहापैकी नऊ मिनिटे मी पडद्याआड चहा पीत असे.

दुफियेबाई म्हणतात, पेटंटची मुदत संपते, गुपिताची संपत नाही, ते फक्त फुटते. आणि मृत्युपत्र कोर्टात गेले की कोणीही वाचू शकते. म्हणूनच येथे लिहिले आहे. ढोल उलटायला माझ्यानंतर कोण फिरणार? ज्याचा त्याने उलटावा. मात्र यंत्र थांबवून.

७. आता मुख्य गोष्ट.

२०११ साली अक्राच्या एका आयातदार कंपनीचे पत्र सुआमेच्या प्रत्येक वर्कशॉपला आले. कंपनीचे नाव येथे लिहून तिची फुकट जाहिरात मी करणार नाही. पत्रात होते की तिरक्या ओळींच्या किसणीचे पेटंट आमच्याकडे आहे, सबब तुम्ही ती बनवणे ताबडतोब बंद करावे. तोवर त्या किसणीवर आमच्या भागात साठ-सत्तर घरे चालत होती, माझे आणि अम्प्रात्वुमचे धरून.

दुफियेबाई पत्र वाचून हसल्या. म्हणाल्या, "मावशी, १९९३ साली तुम्ही जो मूर्खपणा केलात तोच आता कामाला येईल." जे आधीच जगजाहीर होते त्याचे पेटंट कंपनीलाही घेता येत नाही. फक्त तेव्हा ते जगजाहीर होते याचा पुरावा हवा. आणि पुरावा नव्हता. यंत्र जुने वाटू नये म्हणून मी त्यावर कधी साल घातले नाही. प्रदर्शनातला फोटो होता, पण फोटोवाल्याला माझी नवी चोळी आवडली होती. यंत्राचे झाकण बंद. गारीवाल्या बायका शपथेवर सांगायला तयार होत्या, तर कंपनीचे वकील म्हणाले, या सगळ्या बाईंच्या मैत्रिणी.

पुढच्या वर्षी, सुनावणीच्या आठवडाभर आधी, भर दुपारी, अम्प्रात्वुम माझ्या फाटकातून आत आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाणी दिले, कारण पाहुण्याला पाणी द्यावे लागते. त्याने खिशातून एक कागद काढला. कंपनीचा प्रस्ताव होता: किसणीचा मूळ शोध तुम्हीच लावला, असे लिहून द्या, शोध तुमच्याकडून आमच्याकडे आला असे दाखवू, तुमचे नाव पेटंटवर शोधक म्हणून येईल आणि प्रत्येक यंत्रामागे वाटा मिळेल.

"यात लिहिलंय की किसणी माझी आहे," तो म्हणाला.

"तेच तर तू सगळ्यांना सांगत आलायस."

"हो. पण छापलेलं कधी वाचलं नव्हतं."

मी विचारले, मग सही केलीस का? त्याने दुसऱ्या खिशातून घडी घातलेले जुने वर्तमानपत्र काढून माझ्या मांडीवर ठेवले. पिवळे पडलेले, वर १९९३ सालची तारीख, प्रदर्शनाचा तिसरा दिवस. बातम्यांवरून कोळशाचे काळे ठिपके, तिरक्या ओळींत, पानभर. माझ्या ढोलाचा ठसा होता तो. मी माझे हस्ताक्षर ओळखावे तसा ओळखला, कारण चौथ्या ओळीत एक भोक माझ्या हातून चुकले होते, ते तेथेही चुकलेले होते.

मी म्हटले, "याव, हा कागद दाखवलास तर सगळं जाईल तुझं. वाटाही आणि आजीही."

"आजीला काही वाटणार नाही," तो म्हणाला.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी त्याला धरलेच. जुन्या कागदावर ठसा कालसुद्धा मारता येतो, ते म्हणाले; आणि आजवर तुम्ही तर आजीच्या स्वप्नाची गोष्ट सांगत होता. त्याच्यामागे त्याचे कारागीर बसले होते, त्याची सून होती, चर्चमधली माणसे होती.

तो म्हणाला, "साहेब, आजी आली नव्हती. मीच गेलो होतो. ही केंके खायला गेली, तेव्हा हिच्या मंडपात शिरलो. कुणाला दिसू नये म्हणून अंगावर पोतं घेतलं, ढोलावर पेपर दाबला आणि कोळसा फिरवला. पेपर त्या दिवशीचाच होता, मी फुटबॉलसाठी घेतला होता. घरी येऊन त्यावरून पत्र्याला भोकं पाडली. तिचं चुकलेलं भोक वर्षभर मीही चुकवत होतो, कारण मला वाटलं त्यातच काही युक्ती असेल."

"म्हणजे तुम्ही चोरी केलीत?"

"हो. किसणी हिची. पेपर माझा."

कोर्टात कोणीतरी हसले. एकोणीस वर्षे मी या वाक्याची वाट पाहत होते. ते ऐकल्यावर काय बोलायचे हे मी पाटावर कंद सोलताना शंभरदा ठरवले होते, आणि ते फार सुंदर होते. पण तो कठड्याला धरून खाली पाहत उभा होता. मी माझ्या पिशवीतली पाण्याची थैली पुढे केली. त्याने ती दातांनी फोडली आणि एका दमात रिकामी केली. ठरवलेले बोलणे तसेच राहिले.

न्यायाधीशांनी निकालात लिहिले की खोटा पुरावा रचणारा माणूस त्यात स्वतःला चोर ठरवत नाही. पेटंट रद्द झाले. म्हणजे असे पाहा: ती किसणी आधी माझी होती हे आम्ही दोघांनी मिळून सिद्ध केले, म्हणून ती कोणाचीच नाही असे ठरले. बाहेर आल्यावर मी अम्प्रात्वुमला म्हटले, आयुष्यभर भांडलो ते यासाठी का? तो म्हणाला, भूक लागली आहे.

८. ते वर्तमानपत्र कोर्टाने परत केल्यावर अम्प्रात्वुमने माझ्याकडे ठेवायला दिले. मी काचेत घालून वर्कशॉपमध्ये लावले. माझ्यामागे ते त्यालाच द्यायचे असे मी येथे लिहिले होते. दुफियेबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर मिळायचे ते जाते. मी अम्प्रात्वुमला विचारले, पेपर हवा की सही करतोस?

"सही करतो," तो म्हणाला. "तुझ्याबाबतीत खरं सांगायची आता सवय लागलीय मला."

तेव्हा वर्तमानपत्र माझी मुलगी आब्राफी हिला जाईल. अम्प्रात्वुमला काही देत नाही. साक्षीदाराला मजकूर वाचायला द्यावा लागत नाही, त्यामुळे बोकडांची हकीकत त्याला माझ्या पश्चातच कळेल. त्या वेळी त्याच्याजवळ कोणीतरी बसावे.

९. निकालानंतर त्याच कंपनीने माझा मार्का विकत मागितला. माझा मुलगा बारिमा अक्रात असतो, मोबाइलवर बाजारभाव कळवायचे काम करतो. तो म्हणाला, "आई, लोखंड गंजतं, नाव गंजत नाही. भाव आहे तोवर विक." आब्राफी वर्कशॉप चालवते. ती वेल्डिंगचा मुखवटा न काढताच म्हणाली, "बोट आईचं गेलंय. तू कोण विकणारा?" त्या नाताळात दोघांनी एका ताटात फुफू खाल्ला नाही. तेव्हापासून सणाला दोन ताटे होतात.

दोघेही माझेच आहेत आणि दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत. माझा निर्णय असा:

वर्कशॉप, वेल्डिंगचे सामान, लेथ आणि मार्का आब्राफीला. अट अशी की ज्या यंत्रावर आपला हात रंगवायचा, त्यावर आधी आपल्या अंगणात एक पूर्ण पोते किसून पाहायचे, आणि किसणाऱ्या बाईला एकदाही आत हात घालावा लागता कामा नये. ज्या दिवशी हे करायचा कंटाळा येईल, त्या दिवशी तिने मार्का खुशाल विकावा. त्यात तेव्हा विकण्याजोगे काही उरलेले नसेल, ते कंपनीला नंतर कळेल.

राहते घर आणि एजुराची जमीन बारिमाला. त्याने ती विकली तरी माझी हरकत नाही. विकेल हे मला माहीत आहे. आब्राफीला मागची खोली ती हयात असेपर्यंत राहू द्यावी, एवढे मात्र विकताना कागदावर घालावे.

१०. अंत्यविधी. सुतकाचे लाल-काळे कापड घरात आहे, नवीन आणू नये. समुद्रकाठचे लोक मेलेल्याच्या धंद्याप्रमाणे शवपेटीला आकार देतात, तशी यंत्राच्या आकाराची शवपेटी करायचे न्सियाच्या मनात आहे, असे कानावर आले. करू नये. बँड एकच लावावा.

११. शेवटची वस्तू म्हणजे निळ्या वहीतली रेखाटने आणि मागच्या छपरात झाकून ठेवलेले यंत्र. ते कसावा सोलण्याचे आहे. कंद कधी दोन सारखे नसतात, वाकडे, गाठाळ. म्हणून सोलायचे काम अजून सगळीकडे बायका सुरीनेच करतात. गेली सहा वर्षे मी त्यावर खपते आहे. हे यंत्र मी कोणालाही दाखवलेले नाही, प्रदर्शनात नेलेले नाही, स्तुतीला भुललेले नाही. अम्प्रात्वुमही कुंपणावरून डोकावला नाही. एकदा डोकावला, पण आधी खाकरला.

हे यंत्र मी आब्राफी आणि बारिमा या दोघांना मिळून देते, अर्धे-अर्धे नव्हे, एकत्र. आब्राफीला वेल्ड करता येते आणि अर्ज भरता येत नाही. बारिमाला अर्ज भरता येतो आणि लोखंड हाती धरता येत नाही. बाजारात नेण्याआधी अर्ज करावा. दोघांत बोलणे नसेल तर करता येणार नाही, हे मला कळते. म्हणूनच.

आजच्या तारखेस ते यंत्र तीन कंदांपैकी एक नीट सोलते. उरलेले दोन मला जमले नाहीत. ते जो कोणी सोलून दाखवेल, त्याचे किंवा तिचे नाव अर्जावर शोधक म्हणून आधी घालावे. माझे खाली घातले तरी चालेल, नाही घातले तरी चालेल. घातले तर अक्षर चुकवू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो माझ्याच मनातला आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: आद्वोआ फ्रिम्पोमा

साक्षीदार पहिला: याव अम्प्रात्वुम, यंत्रे बनवणारा, राहणार सुआमे, समोरचे घर. (सही)

साक्षीदार दुसरी: एस्थर तविया, गारी भाजणारी, राहणार सुआमे. (सही)

ठिकाण: सुआमे, कुमासी
दिनांक: १८ मार्च २०१९, सोमवार